स्पंज बांधलेली घंटा

ह्या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. न बसला तर बरंच. माझ्या ज्या गोष्टींवर लोकांनी विश्वास ठेवला नाही, त्यांनी आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. अपानेमीच्या खाडीतलं पाणी एका सकाळी इतकं थिजलेलं होतं, की मी त्यात बघून दाढी केली, आणि वस्तरा लागला तो पाण्यातल्या सारांडिसच्या, माझ्या प्रतिबिंबाच्या, गालाला; माझ्या नव्हे. हे मी चाळीस वर्षं सांगतोय. लोक हसतात, माझ्यासाठी बडीशेपेच्या दारूचा, ऊझोचा, एक पेला मागवतात, घरी जातात, विसरतात. माझ्या एकाच गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला. आणि समोर दिसतंय ते सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे: चुन्याची पांढरी घरं, निळ्या खिडक्या, वाळूतल्या छत्र्यांच्या तीन रांगा, टेकडीवरची दोन हॉटेलं, झालंच तर ख्रिसांथोसची बेकरी.

“बेकरी माझ्या बापाची आहे,” ख्रिसांथोस पलीकडच्या टेबलावरून म्हणाला.

“तुझा बाप बार्लीचे टोस्ट भाजायचा रे. दगडावर आपटून खायचे. बदामाचा पाव तुझ्याकडे आला तो माझ्या गोष्टीमुळे.”

“झालं सुरू,” सेवास्ती वहिनी म्हणाली. दुकान तिचं, कॉफी तिची, त्यामुळे मला गप्प करायचा हक्कही तिचाच. ती दारात खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. “भावजी, कॉफी निवतेय तुमची. आधी प्या, मग फेका.”

मी कॉफी प्यायलो नाही. मंगळवारपासून कॉफीचा घोट घशाखाली उतरताना थंड लागतो, कितीही गरम असला तरी. आज शनिवार. ती बाई तिकडे झाऊच्या झाडाखाली बसून पत्र लिहितेय, ती मादाम ओदिल. बेल्जियमची. शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त झालीय. आपली ग्रीक भाषा तिला नमस्कारापुरती येते, म्हणून तिच्यासमोर बोलायला हरकत नाही. गोष्ट तिची आहे. म्हणजे सुरू तिच्यापासून होते.

मी छत्रीवाला. सकाळी आठला छत्र्या उघडायच्या, संध्याकाळी सातला मिटायच्या. मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता सतराव्या छत्रीखाली चपलांचा एक जोड होता. बस्स, एवढंच. तपकिरी चामड्याच्या, पट्ट्यांच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या, टोकं समुद्राकडे. पलंगाखाली झोपताना काढून ठेवाव्यात तशा. बाजूला घडी घातलेला पंचा, पंचावर पुस्तक, पुस्तकावर चष्मा. मी आधी पुढे गेलो. छत्र्यांखाली माणसं काय काय टाकून जातात, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण चार पावलांवर मी मागे वळलो. त्या चपला उन्हात होत्या. सावली सरकून कधीच हातभर पलीकडे गेली होती. मादाम ओदिल शिस्तीची बाई, सावलीबरोबर आपलं सामान सरकवते, पुस्तक तापलं तर डिंक सुटतो म्हणते. मी वाकून चपलेला हात लावला. चामडं तव्यासारखं तापलेलं होतं. अडीच वाजता तिला पाण्यात शिरताना मी पाहिलं होतं, माझ्याकडे बघून हातसुद्धा हलवला होता तिनं. रोज ती चाळीस मिनिटं पोहते. कड्यापर्यंत जाते आणि परत येते.

कड्यापर्यंत. पहिल्याच दिवशी तिनं नकाशावर बोट ठेवून, खुणा करून मला विचारलं होतं, इथवर गेलं तर चालेल का, पाणी कसं आहे. आणि मी, जसं गेली अठ्ठावन्न वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो, तसं छातीवर हात ठेवून, मान हलवून सांगितलं होतं: ह्या खाडीत आजवर कुणी बुडालेलं नाही. हे वाक्य मला सात भाषांत येतं. दुसरं कुठलंच वाक्य मला सात भाषांत येत नाही. हॉटेलच्या पत्रकावर ते पहिल्या ओळीत आहे, धक्क्यावरच्या पाटीवर आहे, कपांवर सुद्धा छापलंय, खाली नांगराचं चित्र. चाळीसेक वर्षं झाली असतील, एकदा मी स्वतःच ती पाटी वाचताना क्षणभर वाटलं होतं, बरं आहे बुवा, कुणी बुडालं नाही ते.

मी वाळूत बसलो. दुपारच्या शांततेची वेळ होती. तीन ते साडेपाच आपल्याकडे कुणी खुर्चीसुद्धा ओढत नाही. आणि लोक इथं येतात ते ह्यासाठीच. शेजारच्या बेटांवर नाचगाणी आहेत, मोटारबोटी आहेत. आपल्याकडे शांतता आहे. तीच आपण विकतो. पण ती आपोआप आलेली नाही, हे नव्या लोकांना माहीत नाही. ती करावी लागली. कोंबडे इस्टरनंतर वरच्या वाडीत पाठवले. गाढवं उतरणीच्या रस्त्यानं आणायची बंद केली. जाळी ओढताना गायची गाणी बंद झाली, पुढे जाळीच बंद झाली. आणि देवळाची घंटा. त्या दुपारी वाळूत बसल्या बसल्या मला त्या शांततेचा आवाज आला. कान देऊन ऐकाल तर ती शांत नसते. कुणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखा तिच्यात एक कोंडलेला श्वास असतो. छत्र्यांखाली लोक झोपलेले होते. एका बाईचा हात वाळूत लोंबत होता, बोटं उघडी. मला वाटलं, हे सगळे झोपलेले नाहीत. त्या हाताकडे मी इतका वेळ बघत राहिलो, की शेवटी तिनं बोट हलवलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला.

“फोन होता ना तुझ्याजवळ?” ख्रिसांथोसनं विचारलं. “बंदर पोलिसांना लावायचा.”

फोन होता. मी तो काढलाही. तिकडून एका पोरगेल्या आवाजानं ‘बोला’ म्हटलं. आता बोलायचं काय? अपानेमीहून सारांडिस बोलतोय, एक बाई पाण्यातून आलेली नाही? बोललं की ते होणार. माझं असंच झालेलं आहे आयुष्यभर. मी बोललो ते झालं. मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला, आणि बंद केला. नंतर वाटलं, ती कुठंतरी वर निघाली असेल, बसली असेल, काय काय. समोर खाडी होती. इतकी गुळगुळीत, की ढगाचा एक तुकडा तिच्यात पूर्ण होता, कड्यासकट. आणि कड्याच्या खाली, बरोबर त्याच्या सावलीच्या टोकाला, तो तेलासारखा डाग. सगळ्या खाडीतला सगळ्यात शांत तुकडा.

म्हातारी माणसं त्याला तोंड म्हणायची. आता तो शब्द कुणी उच्चारत नाही, तुमच्यातल्या तरुणांना ठाऊकही नसेल. तळातून गोड्या पाण्याचा झरा वर उसळतो तिथं, बर्फासारखा गार. कधी झोपलेला असतो, कधी जागा. जागा असला की वरचं पाणी असं चकचकीत सपाट होतं, लाट म्हणून उमटत नाही, आणि नवख्याला वाटतं, वा, किती निवांत जागा. कोमट पाण्यातून माणूस एका हाताच्या अंतरावर त्या गारव्यात शिरतो आणि छाती आवळली जाते. ओरडायला श्वास लागतो, तो मिळत नाही. आवाज न होता होतं सगळं. आपल्या गावाला साजेसं.

वहिनीच्या हातातली शेंग कडकन मोडली. तिनं दाणे टोपलीत टाकले, साल खाली टाकलं, दुसरी शेंग घेतली. तिच्याकडे न बघता मी बोलत होतो, पण तिचे हात मला दिसत होते. आमच्या ओळखीला आता इतकी वर्षं झालीत, की तिच्या तोंडापेक्षा हातांवरून मला तिचं कळतं.

“तोंडाचं आज कशाला काढलंत भावजी?” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

“गोष्टीत येतं म्हणून काढलं.”

“मग पुरतं काढा.”

पुरतं काढतो. मिकेसचं नाव ह्या दुकानात मी तरी कधी घेतलेलं नाही. देवळातल्या दगडावर आहे तेवढं पुरे, असं म्हणून. आपल्या सेंट निकोलसच्या देवळात डाव्या भिंतीला जो संगमरवरी दगड आहे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाचे स्पंज काढताना गेलेल्या माणसांचा, त्याच्यावर शेवटून तिसरा माझा भाऊ आहे. डेर्नासमोर, १९६६. मिकेस चाळीस बाव, म्हणजे अडीचशेक फूट, खाली जाऊन यायचा. डेर्नाला त्यानं सात उन्हाळे काढले, आणि एकदासुद्धा त्याच्या नाकातून रक्ताचा थेंब आला नाही. त्या वर्षी तो डेर्नाला गेलाच नव्हता. त्याचं वहिनीशी नुकतं लग्न झालं होतं. तो घरी होता, आणि गावात पहिल्यांदाच पाहुणे आले होते.

डॅनिश होते. दोन जोडपी आणि एक बातमीदार, लांबोडका, नाकावर सोललेली कातडी. गावच्या अध्यक्षानं, वात्सोसनं, त्यांना आपल्या माडीवर ठेवलं होतं आणि अख्ख्या गावाला चपला हातात घेऊन चालायला लावलं होतं. स्पंजाचे दिवस संपत आलेले सगळ्यांना दिसत होते. नायलॉनचे स्पंज निघाले होते, बोटी धक्क्यावर कुजत होत्या, पोरं ऑस्ट्रेलियाला चालली होती. वात्सोस म्हणायचा, आपल्याकडे विकायला काही उरलं नाही तर काही नसणंच विकू. हुशार माणूस. बातमीदार तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून खाली आला आणि म्हणाला, सगळं छान आहे, पण घंटा! माडीच्या अगदी कानाशी. तेव्हा मी, बावीस वर्षांचा, जिभेवर हाड नसलेला, सगळ्यांसमोर म्हणालो, हात्तिच्या, घंटेला स्पंज बांधू. आमच्याकडे दुसरं आहे काय? सगळे हसले. वात्सोस हसला नाही. दुपारी मी शिडी लावून वर चढलो आणि घंटेच्या आतल्या लोलकाला मिकेसनं आणलेला परातीएवढा स्पंज गुंडाळून सुतळीनं आवळला. खालून दोरी ओढली तर आवाज आला, थप. उशीवर मूठ मारल्यासारखा. बातमीदारानं टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी, सकाळी, वात्सोस आमच्या दारात आला. पाहुण्यांना न्याहारीला पाण्याखालच्या खडकावरचे ते काटेरी गोळे हवे होते, लिंबू पिळून खायचे. ताजे. रोज एक जण जायचा. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

इथं मी थांबलो. कॉफीशेजारचा ऊझोचा पेला उचलला, त्यातला बर्फ वितळून गेला होता, तो खाली ठेवला. ख्रिसांथोस टेबल सोडून जवळ येऊन बसला होता. मादाम ओदिलनं पाकीट चाटून बंद केलं आणि आमच्याकडे बघून हसली. मीही हसलो. ती उद्या सकाळी परत जाणार आहे कड्याकडे. आज सकाळीही गेली होती.

“त्या दिवशी पाळी माझी होती,” मी म्हणालो.

वहिनीचे हात थांबले. अठ्ठावन्न वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाळी माझी होती, मी अंथरुणात होतो, आदल्या रात्रीची चढलेली उतरली नव्हती. मिकेस दारात उभा राहून म्हणाला, उठतोस का रे? मी डोळे न उघडताच म्हणालो, तूच जा ना, कड्याखाली भरपूर आहेत, तोंड आज झोपलंय. मी पाहिलं नव्हतं. उठून खिडकीपर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. मी आपलं बोललो. तो म्हणाला, झोप, राजा. आणि गेला. दारातून जाताना त्यानं टोपली चौकटीला आपटली, तो आवाज अजून आहे. वेताचा, सुका. तेव्हाही तो झोपेत ऐकून मी म्हणालो होतो, हळू रे, पाहुणे झोपलेत.

मंगळवारी वाळूत बसून मी तोच आवाज ऐकत होतो. चपलांची सावली लांब होत होती. एका चपलेत टाचेचा आणि पाच बोटांचा काळपट ठसा होता, ओल वाळून राहिलेला. मला तो बघवेना, म्हणून मी चपला उलट्या करून ठेवल्या, मग ते अशुभ वाटलं म्हणून सरळ केल्या, मग मांडीवर घेतल्या. हे सगळं करताना मी इकडेतिकडे बघत होतो, कुणी बघत तर नाही. आता हे ऐका. एक बाई पाण्यात मरतेय की काय, अशा वेळी ऐंशी वर्षांच्या माणसाला भीती कशाची वाटत होती? लोक जागे होतील ह्याची. मी उठून ओरडलो तर छत्तीस छत्र्यांखालून माणसं उठतील, पाण्याकडे बघतील आणि मग माझ्याकडे बघतील. मला तिच्या मरणापेक्षा त्या बघण्याची भीती जास्त वाटत होती. म्हणून मी चपला मांडीवर धरून तसाच बसून राहिलो.

मिकेसला तिसऱ्या दिवशी समुद्रानं परत दिलं. तोवर वात्सोस तीनदा वहिनीकडे आला होता. चोवीस वर्षांची पोर होती ती. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला, हे मी पाहिलंय. म्हणाला, पोरी, शनिवारी बोट येते, बातमीदार जातो. तो लिहिणार आहे. त्यानं गावाबद्दल काय लिहावं ते तू ठरव. फक्त शनिवारपर्यंत. मग स्पंज काढू, तुझ्या माणसासाठी घंटा वाजवू, दिवसभर वाजवू, हाताला फोड येईस्तोवर. आता दुपारी शांततेच्या वेळेत नेऊ त्याला. आणि पाहुण्याला कुणीतरी बोटीतून पलीकडे फिरवून आणायला हवं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोष्टी सांगता येतात अशा माणसाकडे लोक अशा वेळी बघतात.

म्हणून माझा भाऊ वर टेकडीवर पुरला जात असताना मी वल्हं मारत होतो. घंटा वाजली असती तर पाण्यावरून मला ऐकू आली असती. मयताची घंटा, एक ठोका, मग दहा श्वासांची वाट, मग दुसरा. मी वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थांबून ऐकत होतो. बातमीदारानं पाण्यात हात बुडवून विचारलं, सुंदर आहे, पण धोका? इथं कधी कुणी बुडतं का? आम्ही तेव्हा बरोबर कड्याखाली होतो. मी त्या तेलकट डागाकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, ह्या खाडीत आजवर कुणी बुडालेलं नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारी बोट आली. बातमीदाराला गाव इतकं आवडलं, की तो आणखी आठवडाभर राहिला.

“मग त्याच्यानंतर ते स्विस आले,” वहिनी म्हणाली. शेंगांकडे बघत. “मग फ्रान्सचे. मग ऑक्टोबर आला, घंटा सोडवली, तर वात्सोस म्हणाला, आता महिना उलटून गेला, आता वाजवली तर लोक विचारतील कुणासाठी. मग त्यानं दगडावर नाव कोरून घेतलं. मला न विचारता डेर्ना लिहिलं. मग दर वर्षी इस्टर झाला की तुम्ही शिडी लावायचात, भावजी. आणि दर वर्षी सप्टेंबरात मी त्याच्या नावानं गव्हाच्या घुगऱ्या डाळिंबाचे दाणे घालून देवळात न्यायचे, आणि वर थप व्हायचं.” तिनं पुढची शेंग उचलली. “अजूनही थपच होतं. सुतळी तुमचीच आवळलेली असते ना.”

“ते खरं आहे,” मी म्हणालो.

“ह्या बाईचं काय झालं ते सांग,” ख्रिसांथोस म्हणाला. त्याला आता ते ऐकवत नव्हतं.

सांगतो. पाच वाजून गेले होते. त्या डागावर मला काहीतरी पांढरं दिसलं. टोपी असेल, पक्षी असेल, काहीही असेल. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी उठलो. मी चपला छातीशी धरून निघालो, वाळूतून, धक्क्यावरून, देवळाच्या मागे. शिडी तिथंच असते. ऐंशी वर्षांचा माणूस शिडी चढतो ह्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मी आधीच म्हटलं होतं. दर पायरीवर थांबत मी वर गेलो. वर पारव्यांची विष्ठा, उन्हानं तापलेलं पितळ, आणि मधे तो काळपट, धूळ खाल्लेला स्पंज. मिकेसचाच. दर वर्षी तोच बांधतो मी, नवा कधी आणला नाही. त्याला हात लावला तर तो आतून ओला होता. इतक्या वर्षांनी, इतक्या उन्हात, आतून ओला. मी सुतळी कापली. तो खाली पडला आणि पडताना आवाज झाला नाही.

मग मी खाली उतरलो, दोरी धरली. बोटी बोलवायच्या असतात तेव्हा घाईचे ठोके द्यायचे, एकावर एक, सगळ्यांना ठाऊक आहे. मी जीव खाऊन ओढली. पण ह्या हातांना घाई कुठून यायची? एक ठोका पडला. मग मी श्वास घ्यायला थांबलो. छाती भरून आली होती, श्वास घेता घेता दहा श्वास झाले. मग दुसरा पडला. मग तिसरा. वहिनी, बोट बोलवायचे ठोके नव्हते ते, मयताचे होते. मी द्यायला गेलो नाही, ते तसेच पडले. त्याच्यासाठी. तुझ्या माणसासाठी. खाडीवरून तो आवाज गेला आणि कड्याला लागून परत आला, स्वच्छ, पितळेचा, पहिल्यांदा. मी रडलो, हे सांगायला लाज कसली.

आणि चौथा ठोका देणार तेवढ्यात शेळ्यांच्या वाटेनं ही बाई येताना दिसली. अनवाणी. पोहायच्या टोपीत रानअंजिरं भरून. कड्याच्या पलीकडे खडकावर चढली होती, अंजिरं दिसली, उन्हात डोळा लागला. चष्मा नव्हता, त्यामुळे मी तिला जवळ येईपर्यंत दिसलोच नाही. माझ्या हातात चपला बघून तिला वाटलं मी त्या सांभाळत बसलो होतो. तिनं माझा हात हातात घेतला, आभार मानले आणि एक अंजीर दिलं. ते मी खाल्लं. विचारा तिला.

मादाम ओदिलनं आपल्याकडे सगळे बघतायत हे पाहून हात हलवला.

“मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पंज परत बांधला,” मी घाईनं म्हणालो. “म्हटलं, पाहुण्यांना कशाला त्रास. पण तीन ठोके वाजले. वाजायचे ते वाजले. तुमच्यातल्या कुणी ऐकले नसतील, खिडक्या बंद, एसीची घरघर, दुपारची झोप…”

“थांब, थांब,” ख्रिसांथोस म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मंगळवारी ना? पाचच्या सुमाराला? मी ऐकलं रे काहीतरी. मला वाटलं गॅसवाला सिलिंडर आपटतोय. आई शपथ, ऐकलं मी.”

बघा. मी वहिनीकडे वळलो. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान मान हलवेल. एवढ्या वर्षांचं माझं देणं त्या तीन ठोक्यांत मी तिच्या पदरात टाकलं होतं, जमेल तितकं चांगलं करून, कड्यावरचा पडसादसुद्धा घालून. तिनं टोपली मांडीवरून उतरवून खाली ठेवली. हातांना लागलेले शेंगांचे धागे एकेक करून काढले. वर तिच्या खोलीची खिडकी उघडी होती, देवळाकडची, तिला झडपा नाहीत. थंडीतसुद्धा ती उघडी असते, हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यावरून पोरं तिची टिंगल करतात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लग्न करून आली त्या दिवसापासून पहिल्यांदाच मला भावजी न म्हणता नावानं हाक मारली.

“सारांडिस,” ती म्हणाली, “खोटं बोलतोस. अठ्ठावन्न वर्षं माझा कान त्या घंटेला लागलाय. वाजली असती तर मी ऐकली असती.”